अच्युतरावांचा कॅमेरा आणि अंजिराचं पान

बसा मंडळी, पुढे सरका. मागच्यांनी खांबाला टेकू नका, चुना ओला आहे! गेल्या वर्षी एका काकांच्या काळ्या कोटाला लागला आणि तो ठपका अजून माझ्या कीर्तनावर आहे. असो. देवाचं नाव घेऊन झालं, आता थोडं माणसाचं घेऊ.

प्रश्न साधा आहे. देवानं डोळे कशाला दिले? बघायला — बरोबर. पण बघितलेलं चार लोकांना दाखवायची हौस लागली की बघणं शिल्लक राहतं का? का नुसतं दाखवणंच उरतं? लगेच मान डोलवू नका. हा प्रश्न कऱ्हाडच्या एका गृहस्थांना फार जड गेला. त्यांचीच कथा ऐका.

अच्युतराव टेंभुर्णीकर. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं काचेच्या खोलीत माईक हातात! अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. आणि एक दिवस माणूस निवृत्त झाला. आता घोषणा कुणाला करणार? घरात प्रवासी एकच — कुमुदकाकू! महिन्याभरात अच्युतरावांनी स्वयंपाकघराचं वेळापत्रक भिंतीला लावलं. चहा सहा दहा. पोहे आठ पाच. पोहे आठ बाराला आले तर उशिराचं कारण विचारायचे. काकूंनी पुण्याच्या लेकीला फोन केला, की वडलांना काहीतरी नाद लावून दे, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते. लेक घाबरली — आणि तिनं कॅमेरा पाठवला.

आता खोटं कशाला बोलू? माणूस रमला! पहिले आठ दिवस नुसता स्वतःचा अंगठा यायचा फोटोत. मग चंद्र काढला, तो बटाटेवड्यासारखा आला. पण गडी मागे हटला नाही. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा तांब्याच्या घंगाळाची कड कशी पेटते, हे साठाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं त्याला. कुंपणावर कोळ्याचं जाळं, त्यावर दव. अच्युतराव पोटावर आडवे! काकूंनी विचारलं, पडलात का? तर म्हणाले, थांब, ऊन येतंय. ज्या माणसानं जन्मभर पाच मिनिटांचा उशीर सोसला नाही, तो उन्हासाठी अर्धा तास चिखलात पडून राहिला. मंडळी, याला मी साधना म्हणतो. इथवर सगळं गोड होतं.

पण आपल्याकडे माणूस एकटा आनंदात दिसला की त्याला मंडळात घेतात! 'कृष्णाकाठ छायाचित्र मंडळ'. व्हॉट्सअ‍ॅपवर एकशे चाळीस सभासद. त्यात सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर मोकाशी. दातांचे डॉक्टर, पण लोकांच्या तोंडापेक्षा पक्ष्यांच्या चोचीत जास्त लक्ष. अच्युतरावांनी बारा खिशांचं जाकीट शिवून घेतलं. अकरा खिशांत काय ठेवायचं ते कळेना, बाराव्यात लवंगा ठेवल्या. रोज पहाटे फोटो टाकायचा आणि मग खाली आलेले पसंतीचे अंगठे मोजत बसायचं. वीस अंगठे आले की भाकरी गोड. सातच आले की भाजी अळणी, आणि चूक काकूंची!

मग श्रावण आला. परसात अंजिराचं झाड होतं, कमरेएवढं. त्यावर शिंपी पक्ष्याची जोडी आली. एवढासा जीव, पण कारागीर बघा! दोन पानांच्या कडा चोचीनं भोसकतो, कापसाचा धागा ओवतो आणि पानांची पिशवी शिवतो. हे आधी कुणी बघितलं? काकूंनी. त्या मागच्या दारात वाती वळत बसायच्या. पक्षी त्यांचाच कापूस पळवायचा. मग काकू मुद्दाम एक पुंजका धुण्याच्या दगडावर ठेवून द्यायला लागल्या. चौदा-पंधरा दिवस त्या बाईनं ते घर उभं राहताना बघितलं. पिल्लं झाली तेव्हा न राहवून नवऱ्याला सांगितलं. संसारात एवढी एक चूक होते बायकांची!

अच्युतराव कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन हजर. फोटो काढला. पण पिशवीवर तिसरं एक पान छपरासारखं आलेलं. त्यामुळे आत नुसता अंधार, आणि अंधारात एक चोच. मंडळावर टाकला. अंगठे नऊ. आणि डॉक्टर मोकाशींनी खाली लिहिलं, की क्षण उत्तम आहे, पण पान मधे येतंय, फ्रेम साफ करून घ्या.

बघा हं. 'पान तोडा' असं म्हणाले का ते? छे! सुशिक्षित माणूस. फ्रेम साफ करा म्हणाले. किती स्वच्छ शब्द!

दुसऱ्या दिवशी काकू भजनाला गेल्या होत्या. अच्युतरावांनी त्यांच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. क्षणभर थांबले, नाही असं नाही. मग मनाशी म्हणाले, झाडाला चारशे पानं आहेत, एकानं काय होतंय? कच्! ऊन सरळ आत पडलं — आणि तीन पिल्लांनी तीन चोची उघडल्या, आतून पिवळ्याधमक. साठ फोटो काढले त्यांनी. एवढा आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. अंगठे एकशे दोन!

आता सांगा, ते पान तिथं कशाला होतं? शोभेला? जे ऊन आत गेलं, त्याच वाटेनं वरून जाणाऱ्या कावळ्याची नजरही आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात एकच कलकलाट. काकू धावल्या, मागून अच्युतराव. पिशवी एका बाजूनं फाटून लोंबत होती. आत कुणी नाही. आणि ती आई चोचीत हिरवी अळी घेऊन आली. पिशवीत डोकावली. बाहेर आली. फांदीवर बसली, परत डोकावली. अळी चोचीतच. पाच वेळा, सहा वेळा. काकूंनी पदर तोंडाला लावला.

आणि अच्युतरावांनी काय केलं? कॅमेरा डोळ्याला लावला! विचार करून नव्हे हो. सवयीनं. ऊन तिरपं होतं, मागची हिरवाई धूसर होती, अळी चकाकत होती. खट्.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "काढलात?" एवढंच विचारलं.

"काढला," ते म्हणाले.

काकू आत गेल्या. त्या दिवशी पोहे कितीला झाले, हे विचारायची अच्युतरावांची छाती झाली नाही.

मंडळी, माणूस वाईट नव्हता. तो फोटो त्यांनी दोन महिने कुणाला दाखवला नाही. पण पुसलाही नाही! हे लक्षात ठेवा. दिवाळीच्या सुमारास मंडळाचं प्रदर्शन ठरलं. मोकाशी चहाला आले, फोटो चाळता चाळता थबकले. म्हणाले, हे असलं रत्न दडवून ठेवलंत? नाव द्या — 'घास'. अच्युतरावांनी आढेवेढे घेतले, मग स्वतःची समजूत घातली, की यात खोटं काय आहे? पक्षी खरा, अळी खरी. पाठवला. आणि पहिलं बक्षीस!

परीक्षकांनी लिहिलं होतं: 'पिल्लांच्या ओढीनं आतुर झालेली माता. वात्सल्याचा इतका प्रसन्न आविष्कार क्वचितच पाहायला मिळतो.' प्रसन्न! वा रे परीक्षक!

समारंभाला काकू आपणहून निघाल्या. म्हणाल्या, मी ती पक्षीण बघितली आहे, लोकांना काय दिसतं ते बघायचंय. सभागृह भरलेलं. भिंतीवर हा एवढा मोठा फोटो. बायाबापड्या त्याच्यापुढे उभ्या राहून म्हणत होत्या, आई ती आईच. काकू तिथं जरा वेळ उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. अच्युतरावांना शाल मिळाली, ढाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दोन शब्द बोलण्यासाठी माईक मिळाला. तीस वर्षं माईकवर बोललेला माणूस, त्यानं सवयीनं माईकवर टिचकी मारली. समोर काकू दिसत होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

अच्युतराव म्हणाले, "या चोचीतला घास कुणाच्याच पोटात गेला नाही. पिल्लं तेव्हा नव्हती. चांगला फोटो यावा म्हणून घरट्यावरचं पान आदल्या दिवशी मी कापलं, आणि कावळ्यानं पिल्लं नेली. ती भरवत नाही, ती शोधते आहे."

कुणीतरी उठेल, बोल लावेल, म्हणून हा माणूस मान खाली घालून उभा. आणि मंडळी — टाळ्या पडल्या! कडाडून! अध्यक्ष म्हणाले, केवढी ही संवेदनशीलता! मोकाशींनी डोळे पुसले. खाली उतरल्यावर लोकांनी घेरलं. एकानं विचारलं लेन्स कुठली. दुसरे एक सद्गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, "आमच्याही जास्वंदीत घरटं आहे. साधारण किती पान कापलं होतंत?"

हसताय? अच्युतरावांना हसू आलं नाही. त्यांनी शाल आणि ढाल खुर्चीवर ठेवली आणि चालायला लागले. रिक्षेत काकू म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत." बस्स.

कॅमेरा कपाटात गेला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुन्हा श्रावण, आणि तीच असेल किंवा दुसरी, पण शिंप्याची जोडी आली, घर शिवलं, पिल्लं झाली. तेव्हा काकूंनी स्वतः कॅमेरा काढून पुसला. म्हणाल्या, त्या यंत्राचा काय दोष? पण आधी माझ्याशेजारी बसा. आणि अच्युतराव बसले. दहा दिवस नुसते बसले, हातात वाती वळायला कापूस! तेव्हा त्यांना दिसलं, की नर आणि मादी दोघंही चारा आणतात. दिसलं, की मादी कधीच सरळ घरट्यावर येत नाही — आधी पेरूवर बसते, कुणी बघत नाही ना बघते, आणि मागून शिरते. आधीच्या वर्षी साठ फोटो काढले होते, त्यातलं हे काहीच दिसलं नव्हतं!

अकराव्या दिवशी त्यांनी दारातूनच एक फोटो काढला. एकच. त्यात अंजिराची पानं आली. हिरवी, दाट, एकावर एक. बाकी काही नाही. तो मंडळावर टाकला. अंगठे तीन. मोकाशींनी विचारलं, पक्षी कुठे आहे?

अच्युतरावांनी लिहिलं, "आत आहे. असू दे."

झाली कथा. कथेतल्या माणसाला शहाणपण आलं, आता आपलं बघू. मी मघापासून मोजतोय, समोर अकरा मोबाइल वर आहेत. कीर्तन चाललंय इथं, आणि तुम्ही बघताय तळहातावर! गाभाऱ्यापुढे जाता, देवाकडे पाठ करता आणि स्वतःचा फोटो काढता. परवा एका घरी गेलो होतो. नातवानं पहिलं पाऊल टाकलं, पण कॅमेरा चालू नव्हता म्हणून आजोबांनी पोराला पुन्हा खाली बसवलं! म्हणाले, आता टाक बाळा. अहो, ते पाऊल पडून गेलं! तुमच्या देखत पडलं, आणि तुम्ही बटण शोधत होतात!

काढा, फोटो जरूर काढा, माझी ना नाही. पण तो काढताना कुणाच्या घरावरचं पान कापताय, तेवढं घरी जाऊन ज्यानं त्यानं स्वतःला विचारा. आणि आत्ता? आत्ता ते अकरा मोबाइल पिशवीत टाका, दोन्ही हात मोकळे करा, आणि जो सगळ्यांना बघतो आणि कुणाला दाखवत फिरत नाही, त्याचं नाव घ्या.