उरलेली वीज

खट्… घुर्रर्र… खट्! लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या खोलीतला पंखा असा दर फेऱ्याला ठेच लागल्यासारखा वाजायचा. या सभागृहातले पंखे पाहिले आणि तो पुन्हा कानात सुरू झाला. असो. सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील वीजकचेरीचे अधिकारी, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती मीटरतपासनीस, आणि बंधुभगिनींनो,

कंपनीला सर्वांत जास्त वीज विकणारा ग्राहक म्हणून मला इथं उभं केलंय. शाळेत पाठ केलेल्या कवितांतला सूर्य हात न आखडता उधळायचा. आमच्या गच्चीवर सौर पॅनल बसले, घरात वापरून उरलेली वीज कंपनी विकत घेऊ लागली आणि मी त्या दात्याचा दलाल झालो!

“अहो, इस्त्री करू का?”

“भर उन्हात? ही तर आपली विकायची वेळ!”

“मग पंखा तरी?”

“खिडकी उघड की.”

मिक्सर फडताळात गेला. हिच्या शिलाई मशीनची मोटर मीच काढली, पायडल जोडलं. ही वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत शिवायची, आणि मी तिला मीटरचे आकडे चालीत म्हणून दाखवायचो. काय म्हणावं या रसिकतेला?

गेल्या महिन्यात सत्कारमूर्ती आले. मीटर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. म्हणाले, “काका, घर बंद होतं का महिनाभर?”

मी छाती फुगवून म्हणालो, “छे हो, सूर्यकृपा!”

आतून हिचा आवाज आला, “बंद नव्हतं. मी होते की घरात.”

दुसऱ्या दिवशी ही बहिणीकडे निघाली. पिशवी उचलताना म्हणाली, “आता माझ्या वाटणीचीही विका.”

तेव्हापासून मी सगळे पंखे लावून बसतो. वारा कुणाला घालायचा? परवा फोन केला. मेहुणी म्हणाली, “ताई शिवतेय.” मागं मशीनची मोटर घरघरत होती.

साहेब, तीस वर्षं तुम्ही आमचा मीटर पाहिलात, त्या दिवशी आमचं घर पाहिलंत. तुमचे उपकार मानतो, आयोजकांचेही आभार. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. खरी क्षमा जिची मागायची, ती काही इथं…

थांबा. मागच्या दारात कोण उभं आहे? पिशवीसुद्धा हातातच…

अहो, त्या कोपऱ्यातलं बटण कुणीतरी दाबा. हो, तिच्या डोक्यावरचाच पंखा. जोरात लावा!