तिघांना मिळून एक विषय

आमच्या जाऊबाई तिन्ही मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. या जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं, "बाकी विषय ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणं. पण एक विषय तिघांना मिळून. तो तुम्हीच निवडायचा."

चौदाची गौरी, दहाचा ओम आणि सहाची चिमी एरवी रिमोटवरनं एकमेकांच्या झिंज्या उपटतात. त्या दिवशी मात्र एका सुरात म्हणाले, "कन्नड!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मुलांना चुकवून बाहेर जायचं असो नाहीतर माझ्या भाकरीबद्दल बोलायचं असो, त्या आणि जाऊबाई लगेच कन्नडवर जातात. मी अकलूजची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"चित्रकला घ्या की," सासूबाई म्हणाल्या. "लई छान विषय हाय."

"नको अज्जी, कन्नडच. आणि तूच शिकवायचं," गौरी म्हणाली.

"मीपण बसते वर्गात," मी हळूच म्हणाले.

जाऊबाईंनी शब्द दिलेला, मोडणार कसा? सोमवारपासून वर्ग सुरू झाला.

हल्ली दुपारी सासूबाई आणि जाऊबाई शेजारच्या विणकर काकूंकडं जातात. तेलुगू शिकायला.