सहा फुटी कटर

मर्लीनच्या हातात ब्लेडचे बोल्ट. गार झालेली कॉफी. केंटकीत रविवारी घराघराच्या दफनभूमीत फुलं वाहायची होती, त्याआधी तिथलं गवत कापायचं. ट्रॅक्टरच्या दुकानात, रांगेत मर्लीनच्या पुढे शेजारची डेल्फिया आणि तिचा नवरा होबार्ट होते.

"गवताला सहा फुटी कटर? केवढासा आपला ट्रॅक्टर," डेल्फिया म्हणाली.

"पंचवीस हॉर्सपॉवरचा आहे."

"ती इंजिनाची. मागच्या पीटीओला, कटर फिरवणाऱ्या दांड्याला, वीसच पोचते. कटरच्या दर फुटाला पाच लागते, म्हणजे चार फुटी."

"हळू चालवीन."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास. ट्रॅक्टर गवतात बंद पडला, आणि तुझ्या बहिणी आईची कबर शोधत फिरल्या."

"चार फुटीला लोक हसतात गं."

"मग तुझ्या बहिणींना तूच सांग."

"सहा फुटीच द्या," होबार्ट काउंटरवाल्याला म्हणाला.

दफनभूमीचं फाटक होबार्टनेच बसवलं होतं. ते पाच फूट रुंद आहे.