आईच्या फोटोखालची तारीख

पाकिटावर घरच्या माणसाचा फोटो टाकायचा म्हणताय ना, मंग आधी माझं ऐका.

आमच्या आईच्या जवसाच्या चटणीला टेंभुर्णीत तोड न्हाई. म्हणून म्या म्हणलं, पाकिटातून विकू अन् वर आईचाच फोटो टाकू. जुन्या जालन्यात एक फ्लेक्सवाला हाय. वाढदिवस असो की श्रद्धांजली, बॅनर त्याच्याकडूनच. त्याला सांगून आल्तो, "खर्चा कमी ठेव." त्यानं सगळं एकाच रंगात छापलं. आईचा काळा-पांढरा फोटो, भोवती फुलांचा हार अन् वर चटणीचं नाव, 'आईची आठवण'. नाव माझंच, खोटं कशाला बोलू! फोटोखाली 'अंतिम दिनांक' अन् येत्या दिवाळीच्या जरा आधीची तारीख.

पहिलं पाकीट मस्तगडला मावशीकडं पाठवलं. तारीख नीट वाचायचं का फोन करायचं, तिला काईच सुचलं न्हाई. पहिल्या गाडीनं रडतच आली. दार उघडलं आईनं.

मावशी जागेवरच थिजली. "अक्का, तू हाईस?"

"मंग कुठं जाऊ? अन् तू काय रडून राह्यलीस?"

मावशीनं पाकीट पुढं केलं. आईनं चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. म्या घाईनं म्हणलं, "आई, ती तारीख चटणीची हाय, तुझी न्हाई!"

आईनं चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं.

"दिवाळीच्या आठ दिवस आधीच उरकलं व्हय रे मला? मंग फराळ काय तुझा फ्लेक्सवाला करणार?"