शेवटच्या ओळीचा अर्थ

न्हाय मास्तर, बसत न्हाय, पाय चिखलाचं हाईत — एवढं बघा फक्त. ही आमच्या अण्णाची, भावकूची वही. तुमच्या मॅट्रिकच्या वर्गातला, कंग्राळीचा. मी धाकटा भाऊ. मुदतीच्या तापानं गेला, उद्या बारावं — तुम्ही मातीला आलता, बघितलं मी. लढाईमुळं कागद मिळंना, तर जाहिरातींच्या पाठकोऱ्या कागदांची वही शिवली त्यानं — एका अंगाला इंग्रजी वाक्प्रचार, एका अंगाला अर्थ. मी तिसरीतनं शाळा सोडली, पण म्हशी धुताना मला म्हणून दाखवायचा. लई पाऊस पडला की साहेब म्हणं कुत्री-मांजरं पडली म्हणतो. मी हसायचो. तर म्हणायचा, नुसतं शब्द धरून बसलास तर फसशील रं, ज्याला ठाऊक हाय त्याला विचारावं.

शेवटची ओळ बघा. अक्षर कापतंय. सेंड टू कॉव्हेंट्री. अंग भाजत होतं, तरी म्हणला, जा, मास्तरांना एवढं विचारून ये. गेलतो की — म्हणजे, निघालतो. वेशीवर मेंढ्यांची टक्कर लागलती, तिथंच दिवस गेला. घरी काय सांगू? कॉव्हेंट्री हे साहेबाच्या मुलखातलं गाव, एवढं अण्णाच बोललाता. म्हणलं, मास्तर म्हणतात, मोठ्या गावाला शिकायला धाडणं. असंच का सांगिटलं? त्याला पुण्याला जायचं होतं, म्हणून. लई हसला. आईला म्हणला, मला उठवून बसव. आणि लिवलं. तर — बरोबर हाय न्हवं?

वाळीत टाकणं? म्हणजे त्याच्याशी कुणी बोलायचंच न्हाय? समोर असला तरी? — व्हय. व्हय, कळलं.

मास्तर, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातला भुजबली आलता भेटायला. दोघं वही बघत बसलती. त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलला न्हाय. दोन दिवस, पार जाईपतोर. आईकडं पाणी मागायचा, आक्काला हाक मारायचा, मी आत गेलो की भिंतीकडं तोंड. आई म्हणती, ताप डोक्यात गेलता. मीबी तेच म्हणायचो. अर्थ चुकीचा हाय म्हणून सांगिटलंस का, हे भुजबलीला विचारायला दोनदा त्याच्या दारापतोर गेलो, माघारी आलो — तो व्हय म्हणला तर? आईला तोंड कसं दाखवू? तुम्ही सांगा, कळलं असंल का त्याला? तुम्ही शिकलेलं —

ती लाल पेन्सिल ठेवा खाली. खोडू नका. चुकीचं हाय, ठाऊक हाय मला, पर त्याच्या हातचं हाय. द्या हिकडं. न्हाय, आता काय बोलू नका — जातो मी.