सात नंबरची टेप

मावशी: या खोलीचे लाड अजून तसेच. वर दिव्यांखाली आम्ही मेणासारखे वितळायचो आणि खाली तळघरात या टेपांना एसी. माणसांसाठी एक पंखा मागितला तर तीन अर्ज करावे लागायचे.

टेपकाका: माणसं वितळली तर पुसून घेता येतात, बाई. टेपेचं तसं नाही.

मावशी: ऐकलंस? निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी वकीलपत्र टेपांचंच.

भाची: मावशी, माझी शाल घे आणि बस. काका, तुम्हीही. साडेबाराला छापखान्याचा माणूस येतोय. वाहिनीचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे, पहिलं प्रकरण तुमच्या दोघांच्या नजरेखालून गेलं की मी सुटले. आत्ता चूक राहिली तर पुढची पन्नास वर्षं लोक तीच सांगत बसतील.

मावशी: वाच. पण सरकारी पत्रक वाचल्यासारखं नको, मधे मधे श्वास घे.

भाची: "राष्ट्रीय वाहिनीचं पहिलं प्रसारण एका सुसज्ज स्टुडिओतून झालं."

टेपकाका: काय सज्ज?

मावशी: बिस्किटाच्या कारखान्याचं गोदाम होतं गं ते. पहिले सहा महिने माझ्या कपड्यांना बिस्किटाचा वास यायचा. घरी गेले की तुझी आई, तेव्हा एवढीशी होती, माझी पर्स उलटी करून बघायची.

टेपकाका: भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, आवाज घुमू नये म्हणून. कॅमेरे दोन. एक चालायचा, दुसरा त्याला धीर द्यायला उभा असायचा.

भाची: "सुसज्ज" काढलं. पुढे. "बातम्यांपूर्वी पडद्यावर दिसणारं घड्याळ घराघरांत प्रिय झालं."

मावशी: ते घड्याळ म्हणजे खरंखुरं भिंतीवरचं घड्याळ. त्याच्यासमोर कॅमेरा नेऊन उभा करायचा, झालं. एकदा चार मिनिटं मागे पडलं. दुसऱ्या दिवशी अर्धा देश कामावर उशिरा. आणि टीव्ही चुकला असं एकालाही वाटलं नाही. आपलंच घड्याळ बिघडलं म्हणून लोकांनी काटे फिरवले.

टेपकाका: एका स्टेशनमास्तरचं पत्र आलं होतं. "आमचं घड्याळ आपल्या घड्याळाप्रमाणे दुरुस्त केलं आहे, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व." मी जपून ठेवलंय ते. चूक आमची, माफी त्याची.

भाची: हे मला आधी का नाही सांगितलंत?

टेपकाका: तू "सुसज्ज" लिहीत बसली होतीस.

मावशी: हसण्यावारी नेऊ नकोस मात्र. तो विश्वास फार जड असतो. मी हवामान वाचायचे ना, तेव्हा माझ्या लेखी ते चार ओळींचं काम. वारा अमुक, लाटा तमुक. मग एकदा कामानिमित्त बंदरावर गेले. एक बाई आली, माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. म्हणाली, तू त्या दिवशी नको म्हणालीस, म्हणून आमच्यांनी होडी काढली नाही. शेजारच्यांनी काढली. बस, एवढंच बोलली. त्यानंतर हवामानाचा कागद मी कधी आयत्या वेळी उघडला नाही.

टेपकाका: बाई तो कागद तासभर आधीपासून घोकायच्या. जिन्यात. मी टेपा चढवायचो तेव्हा वाट द्यायच्या नाहीत.

भाची: काका, एक टेप किती जड असायची?

टेपकाका: नऊ किलो, खोक्यासकट. त्या परदेशातून यायच्या, तेही कधी यायच्या, कधी नुसतंच पत्र यायचं. सगळ्या मिळून चाळीस टेपा. एवढ्यावर देश चालवायचा.

भाची: थांबा, तेच येतंय पुढे. "पहिल्या संध्याकाळचं एकमेव चित्रमुद्रण दोन वर्षांनी तत्कालीन टेप लायब्ररी प्रमुखांच्या निष्काळजीपणामुळे पुसलं गेलं व..."

टेपकाका: बरोबर आहे. पुढे वाच.

भाची: काका, हे तुमच्याबद्दल आहे.

टेपकाका: दुसरा कोण होता इथे? पुढे वाच.

मावशी: तू ते व्यत्ययाच्या पाटीचं घेतलंयस का? "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत." काही बंद पडलं की ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. इतक्यांदा धरली की कोपरे झिजले. मग आमच्या पेंटरनं दुसरी करताना भोवती फुलांची वेल काढली. आणि लोकांची पत्रं काय यावीत? पाटी फार छान आहे, जरा जास्त वेळ दाखवत जा.

भाची: मावशी, ते पान बारावर आहे. मी पान नऊवर आहे.

मावशी: बरं.

भाची: हे वाक्य मी नाही लिहिलेलं. जुन्या चौकशी अहवालातून जसंच्या तसं उचललंय, सुवर्णमहोत्सव समितीचा आग्रह. आणि याच वाक्यामुळे शुक्रवारच्या सत्कारातून काकांचं नाव खोडलं. ज्याच्या हातून पहिली टेप गेली त्याला स्टेजवर कसं बसवायचं, म्हणाले.

टेपकाका: स्टेजवर बसलं की माझी पाठ धरते. खाली बरा.

भाची: तुमची मुलगी येणार आहे ना परगावाहून? फोन आला होता तिचा, पास किती मिळतील म्हणून.

टेपकाका: तिला म्हणालोय, इमारत बघायला ये.

भाची: आणि हे पुस्तक तिच्या हातात पडलं तर?

टेपकाका: ती वाचत नाही फारशी. नात वाचते.

मावशी: पंचविसाव्या वर्षीही स्टेजवर नव्हतं बोलावलं यांना.

टेपकाका: तेव्हा मला ताप होता.

मावशी: नव्हता.

भाची: काका, फोटोसाठी मी सकाळी काही खोके खाली काढलेत. ही सात नंबरची टेप. वर लिहिलंय, "भौतिकशास्त्र, पाठ तिसरा, प्रकाश पाण्यात का वाकतो." अक्षर तुमचं ना? पेन्सिलीनं का लिहायचात?

टेपकाका: नेहमीच पेन्सिलीनं. टेप परत वापरायची तर खोक्यावरचं नावही खोडता आलं पाहिजे. जे कायमचं ठेवायचं त्याला लाल ठिपका. बाकी सगळं पेन्सिल.

(भाची खोका दिव्याखाली तिरपा धरते.)

भाची: खाली अजून एक नाव आहे. खोडलंय, पण दाब उमटलाय. "पहिला दिवस." काका, हीच ती टेप?

टेपकाका: नंबर टेपेला असतो, कार्यक्रमाला नाही.

भाची: म्हणजे ती हरवली नाही. चुकून पुसलीही नाही. हिच्यावर हा पाठ घेतला.

टेपकाका: लाल ठिपका लावायचा राहिला होता माझ्याकडून. ते खरं आहे. तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं गं इतिहास वगैरे? काल दाखवलं ते काल संपलं. उद्या काय दाखवायचं याचीच मारामार.

मावशी: पण तो पाठ. तो मास्तर आठवतो तुम्हाला? एक बस चुकली, दुसरीनं आला, सात तास. काखेत काचेचं भांडं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कॅमेरा बघून घाबरेल म्हणून मी त्याला म्हटलं, मास्तर, समोर मी उभी राहते, मला शिकवा. आणि शिकवलं की त्यानं. भांड्यात चमचा ठेवला, पाणी ओतलं, म्हणाला, बघा, मोडला का चमचा? मी चक्क "हो" म्हणाले. गावोगावच्या शाळा त्या पाठाची वाट बघत होत्या. आठ दिवसांवर परीक्षा, विज्ञानाला शिक्षक नाही अशा शेकडो शाळा, आणि आमच्याकडे रिकामी टेप एकही नाही.

टेपकाका: सतरा वर्षं दाखवला तो पाठ. डोंगरावरच्या केंद्रावर माझी बदली झाली होती तेव्हा मी स्वतः लावायचो. खालच्या वस्तीतली मुलं जेवणाच्या सुट्टीत पळत वर यायची बघायला.

भाची: बदली. शिक्षा म्हणून झाली होती ती. सहा वर्षं, आणि बढती कायमची गेली.

टेपकाका: हवा चांगली होती तिथली.

भाची: टेप पुसायचा नियम काय होता?

टेपकाका: होता काहीतरी.

भाची: मी वाचलाय. चिठ्ठी लागायची, दोन सह्यांची. एक लायब्ररीची, एक त्या दिवशीच्या ड्यूटी ऑफिसरची. अहवालात लिहिलंय, चिठ्ठी आढळली नाही.

टेपकाका: नव्हतीच. मी विसरलो घ्यायला. गडबड होती.

भाची: तुम्ही? तुम्ही तर सुतळीचा गुंडा कधी उघडला त्याची तारीख लिहून ठेवायचात, आत्ता त्या कपाटात बघितली मी.

टेपकाका: माणूस एकदा विसरतो.

भाची: त्या आठवड्यात ड्यूटी ऑफिसर कोण होतं?

टेपकाका: हे बघ पोरी, पन्नास वर्षांत या वाहिनीनं काय काय केलं. बहिऱ्यांसाठी हातवाऱ्यांच्या बातम्या कुणी सुरू केल्या? निवडणुकीचे निकाल सलग तीस तास कुणी दिले, खडूनं फळ्यावर आकडे लिहून? त्यात एक टेप म्हणजे किती. वाक्य आहे तसं जाऊ दे. बाई, तुम्ही हिला बरोबर आहे म्हणा, तो माणूस येईल छापखान्याचा.

भाची: मी तुला विचारतेय, मावशी. पाठवू हे वाक्य?

मावशी: त्या आठवड्यात मी होते.

टेपकाका: बाई, कशाला आता.

मावशी: चिठ्ठी होती. त्यावर माझी सही होती. चौकशीच्या आदल्या दिवशी यांनी ती माझ्यासमोर फाडली. म्हणाले, पहिल्यांदा एका बाईला ही खुर्ची दिलीय, सगळे टपून बसलेत, तुम्ही गेलात तर दहा वर्षं दुसरीला बसू देणार नाहीत.

टेपकाका: खोटं होतं का त्यात काही? आज निम्म्या खुर्च्यांवर बायका आहेत वर.

मावशी: खरं होतं, म्हणून तर मी फाडू दिली. वाटलं, वर्षभरानं सांगेन. वर्षभरानं बढती मिळाली. मग वाटलं, यांना बदलीवरून परत आणेन आणि मग सांगेन. आणलं सहा वर्षांनी, तेव्हा मी इतकी वर चढले होते की सांगायला तोंड उरलं नव्हतं. दर वर्धापनदिनाला माइक हातात घेऊन म्हणायचे, ती पहिली टेप दुर्दैवानं आज आपल्यात नाही. आणि हे तिथे शेवटच्या रांगेमागे उभे असायचे, टाळ्या वाजवत.

टेपकाका: भाषण चांगलं व्हायचं.

भाची: पण मावशी, तू सही घाईत केली असशील. चिठ्ठीवर नुसता नंबर असेल. आत काय आहे ते तुला कसं कळणार?

टेपकाका: तसंच लिही. नुसता नंबर होता.

मावशी: नाही गं. यांनी मला दोनदा विचारलं होतं. बाई, यात पहिला दिवस आहे, तुमचा चेहरा आहे, दुसरीकडे कुठेच नाही, पुसू का? आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, पुसा.