यूसुफमामाची दाढ

असमा : मी काही चुकीचं बोलले का, आई? बाबा मध्येच उठून गेले.

झुलेखा : अस्रच्या नमाजाची वेळ झाली असेल.

असमा : अस्रला अजून तास आहे. आणि त्यांची टोपी इथेच खुंटीवर आहे.

झुलेखा : तू पुढचा प्रश्न घे गो.

असमा : पुढचा नको, हाच पक्का व्हायला हवा. डेंटल कॉलेजच्या इंटरव्ह्यूला चार-पाच प्रोफेसर बसतात आणि हे विचारतातच. दातांचंच डॉक्टर का व्हायचंय? मुंबईच्या हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, पाठ केलेलं बोलू नकोस, घरातली एखादी खरी गोष्ट सांग. म्हणून ही सांगत होते. मी नऊ वर्षांची होते, याच खोलीत बाबांनी यूसुफमामाची दाढ काढली, मी बॅटरी धरली होती. माणूस कण्हत आला आणि बाबांचे हात डोळ्यांना लावून गेला. माझे वडील दवाखान्यात साधे कंपाउंडर आहेत, पण…

झुलेखा : हे सांगू नको.

असमा : कंपाउंडर म्हणू नको? मला त्याची लाज वाटत नाही.

झुलेखा : कंपाउंडर खुशाल म्हण. दाढेची गोष्ट सांगू नको.

असमा : का पण? मग बाबांनाच विचारते.

झुलेखा : त्यांना नको विचारू. नऊ वर्षं झाली, हा विषय त्यांनी या घरात निघू दिला नाही. बस इथे. ती कागदं ठेव बाजूला.

असमा : बसले. बोल.

झुलेखा : डॉक्टरसाहेब तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर बैरूतला गेले होते. दवाखाना तुझ्या बाबांच्या हवाली. जखम बांधायची, गोळ्या द्यायच्या, बाकी माणसाला मोठ्या इस्पितळात धाडायचं, एवढंच त्यांना सांगून ठेवलेलं. पण इथे अरबांच्या मुलखात आलेली आपली कोकणातली माणसं कुठली ऐकतात? त्यांना अरबी येत नाही, इस्पितळाचं भय. ती येत ती तुझ्या बाबांकडेच. म्हणत, नूरुद्दीन डॉक्टर आहे ना. आणि खरं सांगते, मला ते ऐकायला फार गोड लागायचं. मी गावी पत्रात लिहवून घ्यायचे, आमच्यांना इथे सगळे डॉक्टर म्हणतात.

असमा : त्यात काय एवढं?

झुलेखा : ऐक तर. यूसुफ माझ्या माहेरचा, आमच्या शेजारच्या घरातला. इथे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. एका जुमेरातीला, गुरुवारी संध्याकाळी आला तो गाल धरूनच. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. तुझ्या बाबांनी बघितलं, लवंगेचं तेल लावलं आणि म्हणाले, इस्पितळात जा, हे माझं काम नाही. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, रोज डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून बघता, पक्कड तुमच्याच हातात असते, मग एवढं काय? माझ्या माहेरच्या माणसासमोर यांनी नाही म्हणावं, हे मला खपेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठले. दवाखान्यातून पक्कड घेऊन आले.

असमा : हे मला आठवतं. तू मला बॅटरी दिलीस.

झुलेखा : पुढचं तुला आठवतं तेवढंच लोकांना माहीत. दाढ निघाली, यूसुफ हसला, हात डोळ्यांना लावून गेला. तू खेळायला पळालीस. मी तस्त धुवायला घेतलं, त्यात ती दाढ होती. हातावर घेऊन धुतली. असमा, ती चांगली होती. कुठे डाग नाही, भोक नाही. खोबऱ्याच्या तुकड्यासारखी पांढरी.

असमा : म्हणजे?

झुलेखा : म्हणजे किडलेली तशीच तोंडात राहिली. शेजारची काढली यांनी.

असमा : बाबांना सांगितलंस?

झुलेखा : मी त्यांना नेऊन दाखवली. पाण्याच्या पिंपाला टेकून खाली बसले. मग म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मी घरामागे वाळूत पुरून आले.

असमा : पण यूसुफमामाला तर सांगायचं. दुसऱ्या दिवशी सांगायचं.

झुलेखा : दुसऱ्या दिवशी तो आला होता. गाल आणखी सुजलेला. यांनी सांगितलं, जखम आहे, दुखणारच, आणि गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशीही आला. मी त्याला चहा करून दिला. त्याला चहा गिळवत नव्हता आणि मी समोर बसून होते. सांगितलं असतं तर डॉक्टर परत आल्यावर नोकरी जाती, आपल्याला गाशा गुंडाळून गावी जावं लागतं. तेव्हा वाटलं, आज उतरेल, उद्या उतरेल. पाचव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना. बरोबरचे ड्रायव्हर त्याला उचलून इस्पितळात घेऊन गेले. पू हाडात उतरला होता. जबड्याचं हाड कापून काढलं.

असमा : मला सांगितलं होतं की त्याला हाडाचा रोग होता. बाबांनी दाढ वेळेवर काढली म्हणून जीव वाचला. मामा स्वतः असंच सांगतो, आई. दर शुक्रवारी हॉस्टेलवर डबा घेऊन येतो तेव्हा वॉचमनला सांगतो, हिच्या बापाने मला वाचवलं.

झुलेखा : त्याला तसंच वाटतं. इस्पितळात त्याला विचारलं, ही दाढ कुणी काढली? त्याने यांचं नाव सांगितलं नाही. म्हणाला, दुखत होती म्हणून मीच पकडीने ओढली. आपल्या माणसावर बालंट नको म्हणून खोटं बोलला. तीन महिन्यांनी त्याला परत मुंबईला धाडलं, तेव्हापासून तिथेच आहे. जाताना तुझ्या बाबांच्या गळ्यात पडून रडला.

असमा : तो पेज खातो. नऊ वर्षं झाली. मी समोर बसून भाकरी खाते आणि तो पेज खातो.

झुलेखा : हा.

असमा : बॅटरी माझ्या हातात होती.

झुलेखा : तू लहान होतीस गो.

असमा : माझा हात भरून आला होता. मी दाढेकडे बघतच नव्हते, मामाच्या डोळ्यांकडे बघत होते. उजेड हलला असेल. हलला होता का?

(नूरुद्दीन दारात उभा आहे. केव्हापासून, ते दोघींना ठाऊक नाही.)

नूरुद्दीन : उजेड नीट होता.

असमा : बाबा…

नूरुद्दीन : उजेड अगदी नीट पडला होता, बाय. ते तू मनातून काढून टाक. मला दोन्ही दाढा दिसत होत्या. तरी पक्कड शेजारच्या दाढेवर बसली.

असमा : आणि तुम्हाला ते आईने दाखवल्यावर कळलं.

नूरुद्दीन : नाही.

झुलेखा : नाही म्हणजे?

नूरुद्दीन : असमाच्या आई, हे मी तुलाही सांगितलेलं नाही. ओढतानाच कळलं होतं. किडकी दाढ इतकी घट्ट नसते. ती हलेना, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. तेव्हा थांबता आलं असतं. पण यूसुफ माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसा बघत होता, तू बघत होतीस, पोरगी बघत होती. चुकली, असं म्हणायला तोंड उघडेना. मी जोर लावला.

झुलेखा : एवढी वर्षं मी समजत होते की माझ्या हट्टाने तुमचा हात चुकला.

नूरुद्दीन : हात चुकला ती एक गोष्ट. त्यानंतरचे पाच दिवस माझे आहेत.

असमा : बाबा, मी पॅनलसमोर काय सांगू?

नूरुद्दीन : मला काय विचारतेस? तू सांगत होतीस ते कानांना सहन होईना म्हणून बाहेर गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो.

असमा : तिथे काय सांगायचं ते माझं मी बघेन. सांगेन किंवा नाही सांगणार. पण परवाच्या बोटीने मी मुंबईला पोहोचले की गोदीवर मामा उभा असणार. पेटी उचलायला. कॉलेजात सिलेक्शन झालं तर माझा पहिला पेशंट तोच, असं वर्षभर म्हणतोय. मी त्याच्या तोंडाकडे कशी बघू?

नूरुद्दीन : मी पत्र देतो तुझ्याबरोबर. सगळं लिहितो. याआधी चार वेळा लिहायला घेतलं होतं.

असमा : त्याला वाचता येत नाही, बाबा. तुमची सगळी पत्रं त्याला मीच वाचून दाखवते.

नूरुद्दीन : मग हेही तूच…

असमा : हे पत्र मी वाचणार नाही.

झुलेखा : पोरीवर नका टाकू हे.

नूरुद्दीन : नाही टाकत. मीच येतो. त्याच्यासमोर बसून सांगतो. मग त्याने मारलं तरी चालेल, माफ केलं तरी… माफ करील तो. त्याचीच मला जास्त धास्ती आहे.

असमा : डॉक्टर रजा देतील?

नूरुद्दीन : रजा कशासाठी हवी, ते त्यांनाही सांगावं लागेल. नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. बोटीच्या एजंटाचं ऑफिस दुपारनंतर आता पुन्हा उघडलं असेल. आणखी एक जागा मिळते का, विचारून येतो.

झुलेखा : दोन विचारा.